विजेचा पियानो आणि तिघांची मैफल

मैफलींत एखादें नवें वाद्य आलें कीं त्याचा आवाज ऐकण्यापूर्वींच लोक त्याचें कुळ विचारतात. हें वाद्य अस्सल कीं नकली? याला स्वतःचा कंठ आहे, कीं दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करून हें पोट भरतें? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विजेच्या पियानोच्या वांट्याला हा प्रश्न मोठ्या तीव्रतेनें आला. तारांचा, लांकडाचा, दोनशें वर्षांहून अधिक परंपरेचा पियानो एकीकडे आणि धातूच्या सळया, चुंबक व ध्वनिवर्धक यांवर चालणारी ही पेटी दुसरीकडे, अशी तुलना झाली म्हणजे निकाल जणूं आधींच लागलेला असे. तरीहि जॅझ संगीतांतील कित्येक थोर वादकांनीं हें वाद्य जवळ केलें, आणि तिघा वादकांच्या लहानशा मैफलींत त्यानें एक असा रंग भरला कीं जो साध्या पियानोला साधला नव्हता. तो रंग कोणता व तो कशानें उत्पन्न होतो, हें समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम तिघांच्या मैफलीविषयीं. जॅझमध्यें ही रचना जुनी व आवडती आहे. एक पियानो वाजविणारा, एक डबल-बास वाजविणारा आणि एक ड्रम वाजविणारा, एवढाच संसार. डबल-बास म्हणजे व्हायोलिनच्या कुळांतलें, माणसाहून उंच असें वाद्य. जॅझमध्यें तें बहुधा गजानें न वाजवितां बोटांनीं छेडतात, व खर्जांतून चालणाऱ्या त्याच्या स्वरांवर सारी मैफल उभी राहते. ड्रमवाला कातड्याच्या ढोलांबरोबर पितळी झांजाहि वाजवितो, आणि लयीचा धागा पुष्कळदां त्या झांजांच्या किणकिणाटांतूनच चालतो. आरंभीं एखाद्या गीताची चाल तिघे मिळून वाजवितात. मग त्या चालीखालीं असलेला स्वरमेळांचा क्रम, बहुधा १२ किंवा ३२ खंडांचा, पुन्हा पुन्हा फिरत राहतो, आणि त्या फिरत्या चक्रावर एकेक वादक आपल्या मनची नवी चाल तत्क्षणीं रचीत जातो. आवर्तनावर डोळा ठेवून उपज करणारा गवई ज्यानें ऐकला आहे त्याला या पद्धतीचा गाभा निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

या तिघांत मोठेपणा कोणाचा, हा प्रश्न मात्र फार दिवस सुटला नव्हता. पियानो हें अत्यंत समर्थ वाद्य. त्याच्या ८८ पट्ट्यांत खर्जापासून टिपेपर्यंत सारें विश्व सामावलेलें. त्याला साथीदार नसले तरी चालतात. म्हणून पुष्कळ काळ इतर दोघे केवळ हातभार लावणारे ठरत. हें चित्र दोघां वादकांनीं फार पालटलें. अहमद जमाल यानें जानेवारी १९५८ मध्यें शिकागोच्या पर्शिंग हॉटेलांत इस्रायल क्रॉस्बी व व्हर्नेल फूर्निए या साथीदारांसह जें वादन ध्वनिमुद्रित केलें, त्यांत पियानोवाल्यानें गप्प राहण्याची कला दाखविली. कित्येक खंड तो हात उचलून बसे आणि बास व ड्रम यांची चाल उघडी पडूं देई. पुढें २५ जून १९६१ रोजीं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरांतील क्लबांत बिल इव्हान्स, स्कॉट लाफारो व पॉल मोशन या तिघांनीं आणखी एक पाऊल टाकलें. त्यांच्या वादनांत बासवाला खालून चालत राहिला नाहीं. तो पियानोशीं बोलूं लागला, त्याला अडवूं लागला, त्याचें वाक्य पुरें करूं लागला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं, ६ जुलै रोजीं, मोटारीच्या अपघातांत लाफारोचा अंत झाला. त्याचें वय २५ होतें. परंतु तिघांनीं बरोबरीनें बोलावें ही कल्पना मागें उरली, आणि विजेच्या पियानोची कथा याच कल्पनेशीं जोडलेली आहे.

ह्या वाद्याचा जन्म कांहींसा अनपेक्षित ठिकाणीं झाला. हॅरल्ड ऱ्होड्स (१९१०-२०००) हा कॅलिफोर्नियांतील पियानोचा शिक्षक. अभिजात संगीत आणि जॅझ यांची सांगड घालणारी शिक्षणपद्धति त्यानें तयार केली होती, व रेडिओवरूनहि तो पियानोचे धडे देत असे. दुसऱ्या महायुद्धांत तो अमेरिकेच्या हवाई दलांत होता. रुग्णालयांत महिनोन् महिने खाटेला खिळलेल्या जखमी सैनिकांना संगीत शिकवून त्यांचें मन रमवावें, असा विचार पुढें आला. पण बसतां न येणाऱ्या माणसापुढें पियानो न्यावा कसा? ऱ्होड्सनें मोडीत निघालेल्या बी-१७ बाँबफेकी विमानांतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या, त्यांचे लहानमोठे तुकडे केले, त्यांवर लहान हातोड्या बसविल्या आणि २९ पट्ट्यांचा, मांडीवर मावणारा एक इवलासा पियानो बनविला. शहरांवर बाँब टाकणाऱ्या विमानाच्या अवशेषांतून निजलेल्या रुग्णाच्या मांडीवरचें वाद्य निघालें! त्या खेळण्यांत वीज नव्हती. पण तारेऐवजीं धातूचा तुकडा वाजवून पियानोचें काम भागवितां येतें, हें मर्म ऱ्होड्सला तेथें सांपडलें.

युद्धानंतर त्यानें त्यांत विजेची जोड दिली. १९५९ सालीं विजेच्या गिटारी बनविणाऱ्या लिओ फेंडरशीं त्याची भागीदारी झाली. आरंभीं केवळ खर्जाच्या ३२ पट्ट्यांचें वाद्य बाजारांत आलें. १९६५ सालीं फेंडरची कंपनी सीबीएस या मोठ्या संस्थेनें विकत घेतली, आणि त्याच वर्षीं ७३ पट्ट्यांचा पुरा फेंडर-ऱ्होड्स पियानो निघाला. याच्या आधीं, १९५५ च्या सुमारास, वुर्लिट्झर नांवाच्या जुन्या वाद्यनिर्मात्या कंपनीनें आपला विजेचा पियानो विक्रीस काढला होताच. ह्या दोन वाद्यांचे कंठ वेगळे आहेत, आणि तो वेगळेपणा त्यांच्या पोटांतील यंत्ररचनेमुळें आलेला आहे.

आपल्याकडील पेटी ज्यानें उघडून पाहिली आहे त्याला वुर्लिट्झर चटकन् समजेल. पेटींत पितळी जिभा असतात, त्यांना पेटीवाले सूर म्हणतात. भात्याचा वारा लागला कीं त्या थरथरतात. वुर्लिट्झरमध्यें अशाच जिभा आहेत, पण त्या पोलादी. आणि त्यांना वारा हलवीत नाहीं, तर पट्टी दाबतांच बनातीची हातोडी येऊन मारते. ती थरथर विजेच्या प्रवाहांत रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकांतून बाहेर पडते. तिचा आवाज कोरडा, किंचित् घोगरा, आणि जोरानें वाजविल्यास ओरखडा काढणारा असतो.

ऱ्होड्सची रचना अधिक नाजूक आहे. प्रत्येक स्वरासाठीं एक बारीक पोलादी सळई आणि तिच्या जोडीला धातूची एक जाड दांडी बसविलेली असते. दोन्हीं मिळून एक नादकांटाच तयार होतो. फरक एवढाच कीं, प्रयोगशाळेंतील नादकांट्याचे दोन्ही पाय सारखे असतात आणि येथें एक पाय सडपातळ व दुसरा दणकट. हातोडी सळईला मारते, सळई कांपते, तिच्या कंपानें दांडीहि कांपूं लागते व तो नाद बराच वेळ धरून ठेवते. सळईच्या टोंकासमोर एक लोहचुंबक असतें, त्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचें वेटोळें गुंडाळलेलें असतें. चुंबकापुढें पोलाद हललें कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं सिद्ध केलेलें तत्त्व तें हेंच. ती वीज ध्वनिवर्धकाकडे जाते. सूर मिळविण्यासाठीं सळईवर तारेची एक लहानशी गुंडाळी चढविलेली असते; ती मागेंपुढें सरकवली कीं सूर चढतो वा उतरतो. मोठ्या पियानोंत सुमारें २३० तारा आणि त्यांचा एकंदर ताण कित्येक टनांचा. हवा पालटली कीं तो सारा पसारा बेसूर होऊं लागतो. ऱ्होड्सचा सूर मात्र पुष्कळ दिवस टिकतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. या वाद्यांत वीज स्वर उत्पन्न करीत नाहीं. ती केवळ तो मोठा करून सांगते. स्वर जन्मतो तो माणसाच्या बोटानें धातूवर घातलेल्या घावांतूनच. म्हणून बोटाचा हलका-भारीपणा ह्या वाद्याला तत्काळ कळतो. पेटीची पट्टी हळू दाबा वा जोरानें दाबा, स्वर तोच निघतो. लहानमोठेपणा भात्याच्या हातीं. ऱ्होड्समध्यें उलट आहे. पट्टीला हळुवार स्पर्श केला तर आरंभीं दूरच्या घंटेसारखा एक क्षणिक किणकिणाट होतो, व तो विरतांच मागें गोल, जवळजवळ शुद्ध असा नाद उरतो. जोरानें आघात केला तर सळई मोठ्या झोक्यानें चुंबकाजवळून जाते, नादाचा आकार वांकडातिकडा होतो, त्यांत नवे उपस्वर मिसळतात, आणि तोच मऊ आवाज गुरगुरूं लागतो. कुजबुजीपासून गुरगुरण्यापर्यंतचा हा सारा पल्ला एकाच बोटाच्या एकाच हालचालींत सांठविलेला आहे. वादकाला जर या वाद्यांत जीव दिसला असेल तर तो येथें.

तरी आरंभीं जॅझवाले तें घेण्यास राजी नव्हते. याचें पहिलें कारण प्रतिष्ठा. रे चार्ल्स हा अंध गायक-वादक १९५० नंतरच्या दशकांत वुर्लिट्झर आपल्याबरोबर फिरवीत असे, कारण गांवोगांवच्या क्लबांतील पियानोंवर त्याचा भरंवसा नव्हता. आणि त्याबद्दल इतर वादक त्याची थट्टा करीत. फिरत्या वादकाचें हें दुःख सामान्य श्रोत्याच्या लक्षांत येत नाहीं. सतारिया आपली सतार घेऊन जातो, तबलजी आपली जोडी घेऊन जातो. पियानोवाला मात्र जातो तेथें दुसऱ्याच्या वाद्याच्या पायां पडतो. कोठें पट्ट्या अडकलेल्या, कोठें सूर उतरलेले, कोठें वाद्यच नाहीं. १९५९ सालीं ‘व्हॉट्ड आय से’ या ध्वनिमुद्रिकेंतून चार्ल्सच्या थट्टेच्या विषयाचा आवाज घरोघरीं पोंचला, तेव्हां ती थट्टा ओसरली. १९६६ सालीं कॅननबॉल ॲडर्लीच्या मेळ्यांत जो झाविनुल यानें वुर्लिट्झरवर ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही स्वतःची रचना वाजविली, व तीहि लोकांनीं उचलून धरली. झाविनुलचा तो आवाज ऐकून माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवाल्याचें मन या वाद्याकडे वळलें.

१९६८ सालची गोष्ट हर्बी हॅनकॉक यानें अनेकदां सांगितली आहे. तो ध्वनिमुद्रणासाठीं आला तों त्याला नेहमींचा पियानो दिसेना. काय वाजवूं, असें विचारतां डेव्हिसनें कोपऱ्यांतील विजेच्या पियानोकडे बोट दाखविलें. हें खेळणें आपल्या गळ्यांत कशाला, असें हॅनकॉकच्या मनांत आलें. पण पहिला स्वरमेळ दाबतांच त्या मऊ, भरलेल्या आवाजानें त्याचें मत फिरलें. पुढील वर्षीं, १९६९ मध्यें, डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या ध्वनिमुद्रिकेंत हॅनकॉक, चिक कोरिया व झाविनुल असे तिघे एकदम विजेच्या वाद्यांवर बसले होते. त्यानंतर या वाद्याला जॅझच्या दारांत अडविणारा कोणी उरला नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळावें. मोठ्या मेळ्यांत विजेचा पियानो हा अनेक रंगांतील एक रंग असतो. तिघांच्या मैफलींत मात्र त्याच्या गुणदोषांवर सारें चित्र अवलंबून असतें. तेथें तो काय करतो?

एक तर तो जागा सोडतो. साध्या पियानोचा स्वर तिहेरी तारांतून निघतो. त्याला असंख्य उपस्वर असतात, व ते खालवर पसरून बासच्याहि प्रांतांत शिरतात. ऱ्होड्सचा नाद मधल्या सप्तकांत एकवटलेला असतो. खर्जांत जवळ जवळचे स्वर घेतले तर तो गढूळ होतो. म्हणून जाणता वादक डावा हात आवरता घेतो आणि खालचा प्रदेश बासवाल्याच्या स्वाधीन करतो. ही त्या वाद्याची उणीव खरी. पण तिच्यामुळेंच बासवाला मोकळा होतो. व्हॅनगार्डच्या त्या तिघांनीं जी बरोबरी मनाच्या मोठेपणानें साधली होती, ती येथें वाद्याच्या स्वभावांतूनच थोडीबहुत मिळून जाते.

दुसरी गोष्ट आंस. ऱ्होड्सचा स्वर आघातानंतर फार हळू विरतो आणि विरतांना त्याचा पोत जवळजवळ पालटत नाहीं. त्यामुळें वादकाला घाई करावी लागत नाहीं. एक स्वरमेळ मांडावा, त्याची आंस तरंगत राहूं द्यावी, आणि तिच्याखालून बासची चाल व तिच्यावरून झांजांची किणकिण जाऊं द्यावी. तंबोऱ्याच्या जोडीवर स्वर लावणाऱ्या आपल्या गायकाला जो निवांतपणा मिळतो, त्याच्याशीं याचें कांहीं नातें आहे. साध्या पियानोवर कर्कश वाटतील असे शेजारशेजारचे स्वर येथें एकमेकांत मऊपणें मिसळतात, व जॅझला प्रिय असलेले संदिग्ध, अर्धवट उघडे स्वरमेळ या वाद्यावर अधिक खुलतात. शिवाय ऱ्होड्सच्या एका प्रकारांत आवाज डाव्या कर्ण्यांतून उजव्यांत व उजव्यांतून डाव्यांत हळू हेलकावे घेत राहतो. पाण्यावर हलणाऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबासारखा त्याचा भास होतो.

तिसरी गोष्ट बळाची. जोरकस ड्रमवाल्यापुढें साधा पियानो लपून जातो. मग पियानोवाल्यानें बोटें झिजवावीं, नाहीं तर ड्रमवाल्यानें हात आंखडावा. विजेच्या पियानोवाल्याला एक खुंटी फिरवून ड्रमच्या बरोबरीनें उभें राहतां येतें, व तेंहि बोटांतील हळुवारपणा न गमावतां. कुजबूज ही कुजबूजच राहते, पण ती खोलीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचते. ध्वनिक्षेपकाच्या शोधानें गायकाला हळू गाण्याचें जें स्वातंत्र्य दिलें, तेंच या वाद्यानें पियानोवाल्याला दिलें, असें म्हणतां येईल.

या तिन्हीं गोष्टी प्रत्यक्ष ऐकावयाच्या तर १९७१ सालच्या दोन मैफली घ्याव्या. त्या वर्षीं बिल इव्हान्सनें बासवर एडी गोमेझ व ड्रमवर मार्टी मोरेल यांना घेऊन ‘द बिल इव्हान्स अल्बम’ ध्वनिमुद्रित केला. त्यांत तो साधा पियानो आणि फेंडर-ऱ्होड्स अशीं दोन्हीं वाद्यें वाजवितो. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही त्याची जुनी, लोकप्रिय रचनाहि त्यांत आहे. ज्याच्या स्पर्शाच्या नाजूकपणाची वाखाणणी सारें जग करीत होतें, त्याच वादकाचा हात दोन निरनिराळ्या धातूंवर कसा पडतो हें त्यांत शेजारीं शेजारीं ऐकावयास मिळतें. साध्या पियानोवर त्याचें वाक्य कोरीव वाटतें. ऱ्होड्सवर त्याच्या कडा विरघळतात, आणि त्या विरघळलेल्या जागीं गोमेझचा बास ठळकपणें पुढें येतो. इव्हान्सची अखेरची निष्ठा साध्या पियानोवरच राहिली. विजेचें वाद्य त्यानें पूरक म्हणून वापरलें. तरी त्या पूरक वाद्यानें त्याच्या मैफलीचा तोल कसा बदलला हें लपत नाहीं.

त्याच वर्षींच्या जून महिन्यांत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील उत्सवांत अहमद जमाल यानें जमील नासर व फ्रँक गँट या साथीदारांसह वादन केलें, व त्यांतहि विजेचा पियानो होता. गप्प राहण्याची कला ज्याच्या हातीं आधींच होती, त्याला लांब आंस असलेलें वाद्य मिळालें म्हणजे काय घडतें तें तेथें दिसतें. तो एखादा स्वर ठेवतो व थांबतो; पण ते थांबणें आतां पूर्वींसारखें कोरें राहत नाहीं, विरणाऱ्या नादाचा पातळ पडदा त्यावर पसरलेला असतो. मग त्या पडद्याआडून ड्रमची चाल पुढें सरकते.

आक्षेप घेणारेहि थोर होते. कीथ जॅरेट १९७० व १९७१ मध्यें डेव्हिसच्या मेळ्यांत विजेचीं वाद्यें वाजवीत असे. तेथून बाहेर पडल्यावर मैफलींत तो साध्या पियानोकडेच वळला, व विजेच्या वाद्यांविषयींची आपली नावड त्यानें कधीं लपविली नाहीं. मॅककॉय टायनर हाहि तारांच्या पियानोलाच चिकटून राहिला. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. साध्या पियानोचें प्रचंड लांकडी शरीर सगळेंच्या सगळें बोलतें; एक तार छेडली कीं दहा तारा तिला होकार देतात. ऱ्होड्समध्यें प्रत्येक सळई एकाकी आहे. तिचा आवाज शेवटीं कर्ण्यांतून येतो, आणि कर्णा वाईट असेल तर उत्तम हातहि वाया जातो. शिवाय त्याच्या आवाजाचा गोडवा पहिल्याच क्षणीं इतका मोहवितो कीं आळशी वादक त्या गोडव्यावरच थांबतो. १९७० नंतरच्या दशकांत असें गुळमट वादन पुष्कळ झालें, व त्याचा ठपका निष्कारण वाद्यावर आला.

मराठी श्रोत्याला हा वाद परका वाटूं नये. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली व ती पुढें तीन दशकें टिकली. पेटींत मींड नाहीं, तिचे सूर ठराविक व परदेशी मोजमापाचे, हे आक्षेप खोटे नव्हते. पण त्याच पेटीला गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं मैफलींत मान मिळवून दिला होता, आणि नाट्यसंगीत तिच्यावांचून उभें राहिलें नसतें. वाद्याला काय येत नाहीं याची यादी करणें सोपें आहे. वादक त्या उणीवेलाच वळण देऊन कोणता गुण निर्माण करतो, तें कानानेंच पारखावें लागतें.

विजेच्या पियानोचा काळ तसा थोडकाच ठरला. १९८३ सालीं यामाहा या जपानी कंपनीचें डीएक्स-७ हें वाद्य बाजारांत आलें. त्यांत हातोडी नाहीं, सळई नाहीं. गणितानें रचलेला नाद थेट विजेंतूनच निघतो. त्यांत विजेच्या पियानोचा एक तयार आवाजहि घातलेला होता. ऱ्होड्सचें वजन सुमारें ६० किलो, डीएक्स-७ चें सुमारें १४. रात्रीं दोन वाजतां जिन्यावरून वाद्य उतरविणाऱ्या वादकाला हा हिशेब पटण्यास वेळ लागला नाहीं. १९८४ च्या सुमारास ऱ्होड्सचें उत्पादन थांबलें. वुर्लिट्झरचेंहि त्याच सुमारास बंद झालें होतें. ज्याला एकेकाळीं पियानोची नक्कल म्हणून हिणविलें, त्याचीच आतां नक्कल होऊं लागली.

पुढें जें घडलें तें बोधप्रद आहे. नकला हलक्या होत्या, स्वस्त होत्या, सुरांत पक्क्या होत्या. तरी कांहीं वर्षांनीं वादक जुनीं, जड, धुळींत पडलेलीं वाद्यें शोधून दुरुस्त करूं लागले. कारण ७३ सळयांपैकीं कोणत्याहि दोन अगदीं सारख्या वाजत नाहींत. एखादी किंचित् कुरकुरते, एखादी अधिक घंटेसारखी बोलते, आणि वादकाला आपल्या वाद्याचे हे स्वभाव ओळखीचे होऊन जातात. अखेर २०२१ सालीं इंग्लंडमध्यें ऱ्होड्स याच नांवानें सळया-हातोड्यांचा नवा पियानो पुन्हा जाहीर झाला. संगणकाच्या युगांत माणसानें परत धातूवर हातोडी मारण्याचा मार्ग धरला, याचा अर्थ बोटाला प्रतिकार हवा असतो, आणि कानाला त्या प्रतिकाराची खूण हवी असते.

मुंबईला जॅझ नवें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत परदेशी मेळे वाजवूं लागले, आणि गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकून आलेल्या चिक चॉकलेटसारख्या वादकांनीं तें संगीत आपलेंसें करून चित्रपटांच्या वाद्यवृंदांतहि नेलें. १९६३ सालीं ड्यूक एलिंग्टन मुंबईस येऊन गेला. १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ हा उत्सव येथें भरूं लागला. तेव्हां या प्रकारच्या वादनाचा कान महाराष्ट्रांत तयार होण्यास अडचण नाहीं.

ऐकणारानें एवढेंच करावें. प्रथम केवळ पियानोकडे लक्ष न देतां बासच्या मागोमाग जावें. खर्जाची ती चाल कानांत बसली कीं चक्र केव्हां पुरें होतें हें आपोआप कळूं लागतें. मग झांजांवर कान ठेवावा. आणि सर्वांच्या शेवटीं पियानोकडे यावें, व त्याचा प्रत्येक स्वर सुरू होतांना न ऐकतां संपतांना ऐकावा. तो कोठवर टिकतो, विरतांना कोणाला वाट देतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेवर दुसरा वादक कोणतें पाऊल टाकतो, हें ऐकूं आलें म्हणजे या मैफलीचें मर्म हातीं आलें. रुग्णालयांतल्या खाटेवरील सैनिकाला दोन्ही हात हलवून कांहीं तरी सुरेल करतां यावें, एवढ्यासाठीं जो शोध लागला, त्यानें पुढें जॅझमधील तिघां स्वतंत्र माणसांना एकमेकांसाठीं जागा करून द्यावयास शिकविलें. आणि वाद्याच्या कुळाचा प्रश्न विचारणारांना याहून अधिक चांगलें उत्तर देण्याची त्याला गरज पडली नाहीं.